बर्फरस्त्यावरच्या यजमानांबाबत

प्रति,
श्रीमती अनुया सबनीस,
देखभाल अधिकारी, बर्फरस्ता विभाग,
मॅकेन्झी त्रिभुज प्रदेश, उत्तर कॅनडा.

विषय : दिवंगत पतीवरून होणारी वाहतूक व त्यानुषंगाने.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र.

महोदया,

आपण नागपूरच्या असल्याचे चिरंजीव तनयकडून कळले, म्हणून हा दुसरा अर्ज मराठीत. इंग्रजीतल्या पहिल्या अर्जाने आपल्याला काही पाझर फुटला नाही.

१. माझे यजमान देवदत्त यांनी तीसेक उन्हाळे आपल्या भागाचे नकाशे काढण्यात घालवले. दर वर्षी बर्फ फुटले की नदी काही ओहोळ गाळाने बुजवी, काही नवे पाडी, आणि नकाशा रद्दीत जाई. यावर ते खूश असत. हिवाळ्यात ते कागदांत डोके घालून बसत आणि हॅमिल्टनच्या घरासमोरचा बर्फ मी शोव्हल करी. अस्थी त्याच नदीत सोडाव्यात, ही त्यांची शेवटची इच्छा. माझ्याबद्दल त्यांनी कसलीही इच्छा व्यक्त केली नाही.

२. तनय तिकडेच नोकरीला, म्हणून डिसेंबरात अस्थी त्याच्याकडे पाठवल्या. शेजारच्या, तिथल्या मूळच्या ग्विचिन जमातीतल्या आजी, एलिझाबाई, त्याला म्हणाल्या, जूनपर्यंत थांब, नदी सुटू दे. चिरंजिवांना वीकेंडलाच उरकायचे होते. नदीवर उतरायला सोयीचा म्हणजे गोठलेल्या पात्रावरूनच जाणारा आपला बर्फरस्ता, तिथेच ओतल्या. वर मला फोन : "आई, इट्स स्टिल द रिव्हर. फक्त फ्रोझन आहे." मग त्याने गाडी वळवली. वडिलांवरून गेलेले पहिले चाक त्याचेच.

३. आपण लिहिता, खालचे बर्फ जाड व्हावे म्हणून थंडी अडवणारे वरचे भुसभुशीत हिम रोज खरवडून कडेला लोटावेच लागते. मान्य. म्हणजे अर्धे यजमान कडेच्या ढिगात आणि अर्धे डिझेलच्या टँकरला चिकटून गावोगाव. घरी ते कधी टिकलेच नाहीत, त्यामुळे नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटते. फार वाईट वाटते.

४. सबब वाहतूक थांबवण्याची मागणी मी मागे घेत आहे. आता एकच विनंती. मलाही त्याच नदीत जायचे आहे. इथले डॉक्टर मार्च म्हणतात आणि नदी जूनमध्ये सुटते. माझा डबा तनयच्या नावे येईल. तो त्याच्या हाती पडू देऊ नये. बर्फ फुटेपर्यंत आपल्या कार्यालयातील कपाटात ठेवावा आणि मग एलिझाबाईंकडे द्यावा. त्यांना थांबता येते.

आपली, तूर्त हयात,
उमा देवदत्त पटवर्धन
हॅमिल्टन, २२ जानेवारी २०२५

सोबत : तनयने परत पाठवलेला यजमानांचा रिकामा डबा. माझाही याच मापाचा असेल. कपाटात तेवढी जागा करून ठेवावी.