लिफ्टचं उघडं दार

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

लिफ्टचं दार नीट लागलं नाही की आतली ती बया सुरू होते, "कृपया दरवाजा बंद कीजिए." एकदा-दोनदा ठीक आहे. पण रोज, दहा-दहा मिनिटं? हे सहाव्या मजल्यावरच्या सबनीसांचंच काम. दुसरं कोण? सोसायटीच्या ग्रुपवर नाव घेऊन झापलं, तरी ढिम्म. मी काही उठून बघत नाही. ज्यानं उघडं टाकलं त्यानं लावावं.

आज सूड घेतला. सबनीस फाटकातून येताना दिसले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कलिंगड. मी घाईनं लिफ्टनं माझ्या चौथ्या मजल्यावर आले आणि दार मुद्दाम बोटभर उघडं ठेवलं. चढा म्हटलं चार जिने! काठीची टकटक ऐकत चहा प्यायले. फार दिवसांनी चहाला चव आली.

मग ती बया गप्प झाली आणि माझी बेल वाजली. सबनीस घामाघूम.

"बाई, आजही दार उघडंच राहिलं तुमच्याकडून. रोज दोन जिने उतरून मी लावतो. ग्रुपवर माझं नाव घेतलंत, तेव्हाही बोललो नाही."

"रोज?"

"रोज. तुम्ही घरात गेलात की सुरू होतं."

मुद्दाम उघडं ठेवलं होतं ते फक्त आज.