मोडेम बिघडलाच नव्हता

दादा,

इंटरनेट सुरू झालंय. आज तू कॉम्प्युटरवर तुझं लॉगिन उघडं ठेवून गेलास, त्यातून पहिल्याच झटक्यात मोडेमचा फोन लागला. मग शोधलं, तर कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीत मोडेम वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीतून माझं नाव काढलेलं. ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार? आणि वर माझ्याच शेजारी बसून वायरी हलवत म्हणायचास, "लाइनच खराब आहे गं!"

नोकरीचं पत्र ईमेलमध्ये पडून होतं. रुजू व्हायची मुदत उद्या संपतेय, म्हणून दुपारच्या गाडीने निघतेय.

मी गेल्यावर बाबांकडे कोण बघणार, हे तोंडावर विचारलं असतंस, तर कदाचित थांबलेही असते.

बाबा जेवलेत. रात्रीची गोळी दुधाबरोबर दे, नुसत्या पाण्याने घेत नाहीत.

– धाकटी