हातगुणाची वाटणी

मी, आवडाबाई याकोब मोकल, वय वर्षे एकोणऐंशी, धर्म ख्रिस्ती, धंदा बागायत, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, प्रभू येशूला आणि खाली सह्या करणाऱ्यांना साक्ष ठेवून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तेवढी छाती या घरात कोणाची नाही.

मजकूर मी सांगते आहे आणि माझी मुलगी दिपाली लिहिते आहे, कारण घरात वाचण्यासारखे अक्षर तिचेच आहे. मी सांगेन ते तिने जसेच्या तसे लिहावे, मध्ये मान वर करून बघू नये. हेसुद्धा लिही.

कलम १. वाटणी कशावर केली ते आधी सांगते, म्हणजे नंतर कोणी गळा काढायला नको. देव प्रत्येकाच्या हातात एकेक कृपादान ठेवतो. ते बियाण्यासारखे असते. डब्यात ठेवले की त्याला कीड लागते, जमिनीत घातले की वाढते. बागेचा मालक परत आला की विचारतो, काय केलेस त्याचे? माझ्या मुलांना त्याच्यापुढे उभे राहायला अजून वेळ आहे. तोवर त्यांना मी विचारते.

कलम २. मुलगा प्रज्योत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पिकाच्या सणाला ज्याने जे पिकवले ते तो वेदीपुढे आणून ठेवतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. मुले लहान असताना एका वर्षी पाळकसाहेबांनी रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला एकेक रोप दिले आणि सांगितले, हे तुमचे कृपादान, पुढच्या सणाला फळ घेऊन या. प्रज्योतला दुधी मिळाला, दिपालीला वांगे. प्रज्योतने दुधी आठवडाभरात वाळवला. दिपालीने स्वतःच्या रोपाबरोबर त्यालाही गुपचूप पाणी घातले, शेणखत घातले, आणि तो वेल पडवीच्या कौलांवर चढला. सणाला प्रज्योत तो दुधी खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि देवाने माझ्या मेलेल्या रोपाला कसे उठवले अशी साक्ष त्याने दिली. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दुधीसाठी लोक एकमेकांवर चढून बोली लावत होते. वांग्यांकडे कोणी पाहिले नाही, मीही नाही.

त्या दिवशी मी ओळखले की मुलाला वाणीचे दान आहे आणि मुलीला हातगुण आहे. मुलाला पाळक करायचे म्हणून मी माझ्या पाटल्या मोडल्या. चिरंजीव शिक्षण अर्ध्यावर टाकून आले. आता वाशीला राहतात आणि त्याच वाणीने किहीमच्या जमिनी मुंबईच्या लोकांच्या गळ्यात मारतात. माझ्या वाडीचेही फोटो त्याने कोणाला तरी पाठवलेत, मला कळले आहे. म्हणून प्रज्योतला मी फाटकाजवळचा वठलेला फणस देते. फक्त झाड. खालची जमीन नाही. माझ्या दफनानंतर पंधरा दिवसांत त्याने ते स्वतःच्या खर्चाने तोडून न्यावे. कबरीपाशी तो बोलायला उभा राहील, फार छान बोलेल, रडेलही. कोणी फसू नये.

कलम ३. सून पूनम हिला माझी मच्छरदाणी. लग्नानंतर ती या घरात एक रात्र राहिली आणि सकाळी म्हणाली, "डास फार आहेत हो तुमच्याकडे." मच्छरदाणी धुतलेली आहे.

कलम ४. शेजारी कमलेश याच्या माडाच्या झावळ्या गेली कित्येक वर्षे माझ्या कुंपणात पडतात. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. म्हणून कमलेशला साक्षीदार केले आहे.

कलम ५. माझी हत्यारे, म्हणजे दोन कोयते, कलमे बांधायचा चाकू, झारी आणि छाटणीची कैची, दिपालीला. कैची तिला ओळखीची आहे. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचे होते. मिशनच्या दवाखान्यातून बोलावणेही आले. मी तिला म्हटले, "दिपे, मानसं काय, मरतातच. झाडं ऱ्हातात." आणि ते बोलावणे तिच्यासमोर चुलीत घातले. नंतर दोन स्थळे आली, तीही मीच परत पाठवली. जोरात वाढणारी फांदी वेळीच छाटली नाही तर झाडाचा सगळा जोर पानांत जातो आणि फळ लागत नाही. छाटताना झाडाला काय वाटते हे माळी विचारत बसत नाही. मला चांगले फळ मिळाले. बापाचे दुखणे तिने काढले, आता माझे काढते आहे, आणि एवढ्या वर्षांत उलट शब्द नाही. कोणी म्हणेल पोरीचे आयुष्य गेले. गेले नाही, कामी आले.

कलम ६. आता वाडी. निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त वाडी आडवी झाली. माड पडले, सुपाऱ्या तर काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. प्रज्योतने फोनवर प्रार्थना केली. दिपालीने ओंडके बाजूला काढले, खड्डे खणले आणि सुपारीची नवी रोपे लावली. पहिल्या उन्हाळ्यात तिने प्रत्येक रोपाला झावळीचा आडोसा केला होता. यंदा त्यांनी पहिल्यांदा घड धरले आहेत. घड दिसले त्या दिवशी ती मला हाताला धरून बघायला घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, ही माझी हायेत." त्याचे उत्तर इथे देते.

ती तुझी नाहीत. घर, विहीर, पंप आणि सगळी वाडी मी चौलच्या आमच्या मंडळीला देते. दिपालीने मागच्या खोलीत राहावे आणि मरेपर्यंत वाडीची राखण करावी. तिला मजुरी मिळणार नाही, वाट्याला काही येणार नाही. पिकाच्या सणाला पहिला घड तिने वेदीपुढे ठेवावा आणि मागच्या बाकावर जाऊन बसावे. एका रात्रीपेक्षा जास्त वाडी सोडली तर खोलीवरचा हक्क जाईल. ज्याने दान डब्यात ठेवले त्याच्याकडून काढून घेतात, ते प्रज्योतचे झाले. ज्याने राबून वाढवले त्याला मालक सुटी देत नाही, जास्तीचे काम देतो. तेच बक्षीस. दिपालीला मी बक्षीस देते आहे, हे तिने नीट समजून

(इथून पुढे अक्षर साक्षीदार कमलेश याचे. मजकूर आवडाबाईंनी सांगितला.)

कलम ७. दिपालीने वरचे वाक्य अर्धे टाकून पेन ठेवला. तिने काय केले ते कागदावर असावे म्हणून सांगते. ती म्हणाली, "आई, देवानं हातगुन मला दिला व्हता. तुला न्हाय." मी म्हटले, लिही. ती म्हणाली, "लिवलं येवढं बास झालं." मग तिने माझी संध्याकाळची गोळी वाटीत काढून पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, खोलीतून पिशवी आणली आणि फाटकाबाहेर गेली. पिशवी भरलेली होती. दुसरी साक्षीदार म्हणून बोलावलेली शेजारची सगुणा तिच्यामागे धावली. सगुणा म्हणते, ती मुरुडच्या एसटीत बसली, तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात तिला काम मिळाले आहे, आणि हे महिन्यापूर्वीच ठरले होते. सगुणाला माहीत होते. मला नव्हते.

कलम ८. सबब मागच्या खोलीचा दिपालीचा हक्क मी रद्द करते. हत्यारेही रद्द. तिने लावलेल्या सगळ्या सुपाऱ्या माझ्या मृत्यूनंतर मुळापासून तोडून टाकाव्यात. कमलेश म्हणतो, "काकी, ह्ये मी लिवनार न्हाय, घड लागलेली झाडं हायेत." त्याला म्हटले, तुझे मत मागितलेले नाही. त्याने लिहिले आहे.

कलम ९. ती परत आली तर तिला दार उघडू नये. आली तर. कोणी उघडायचे ते मागाहून ठरवू, हे दोघे साक्षीदार गेले की घरात मी एकटीच आहे आणि मला धरल्याशिवाय उठता येत नाही. मी घाबरलेली नाही. उद्या सकाळी पंप कोण लावणार, हे मला कोणी सांगितलेले नाही.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वाचून दाखवलेले ऐकले, बरोबर आहे.

सही: आवडाबाई याकोब मोकल

साक्षीदारांचे म्हणणे: आवडाबाईंनी आम्हां दोघांच्या समोर सही केली. त्या शुद्धीवर होत्या. त्या रडत होत्या. हे लिहू नको म्हणाल्या, पण साक्षीदाराने जे पाहिले तेच लिहायचे असते.

साक्षीदार १: कमलेश भागोजी ठाकूर, चौल
साक्षीदार २: सगुणा धर्मा पाटील, चौल

ठिकाण: चौल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५