रिकामा चिमटा

श्रीरंगदादा,

गणपतीला आमच्याकडे बोळिंजला आलास, तेव्हा बाल्कनीतली दोरी बघून हसलास. मी गोष्ट सुचेल तशी चिठ्ठ्यांवर लिहिते आणि दोरीवर चिमट्यांनी टांगते. तू पडलास मालिका लिहिणारा. म्हणालास, "मीरा, कपडे वाळत घातलेस की कथा? आधी आराखडा कर गं."

तू गेल्यावर पाहते तर चिठ्ठ्यांचा क्रम बदललेला. वाऱ्याला चिमटे उघडता येत नाहीत, आणि माझी लेक आर्या त्या कागदांना हात लावत नाही.

वाचत गेले आणि जास्तच चिडले, कारण गोष्ट जमली होती. बाबांचं आजारपण मी मध्येच कुठेतरी कोंबलं होतं, ते तू सुरुवातीला आणलंस.

पण चिठ्ठ्या सतरा होत्या, आता सोळाच आहेत. बाबा शेवटच्या दिवशी सारखे तुझ्याबद्दल विचारत होते, मी फोन केला, आणि तू चिंचोटीच्या धबधब्यावरून "मीटिंगमध्ये आहे" म्हणालास. नेमकी तीच चिठ्ठी नाही.

दोरीच्या टोकाला एक चिमटा मात्र रिकामा आहे. तो काढायला विसरलास, की मुद्दाम ठेवलास? गोष्ट तिथेच संपायला हवी, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार!

हे पत्र मी पाठवत नाही. त्या चिमट्याला लावतेय. दिवाळीला तू येऊन गेलास की पुन्हा मोजीन.

तुझ्यावर नजर ठेवून असलेली,
मीरा