आठवीच्या भिंतीवरची काच

बाई,

आठवीच्या वर्गाची मागची भिंत चिरली आहे. याच भिंतीवर तुमचा तक्ता टांगलेला असायचा. डावीकडे इंग्रजी क्रियापदं आणि विशेषणं, उजवीकडे आम्ही करायची भाववाचक नामं. डिसाइडचं डिसिजन, वीकचं वीकनेस, केअरलेसचं केअरलेसनेस. दुसऱ्या शाळांतली मुलं नुसते प्रत्यय पाठ करायची. तुमच्या तक्त्याला मात्र तिसरा रकाना होता आणि त्यात माणूस लिहावा लागे. डिसिजन लिहिलं तर कोणी ठरवलं त्याचं नाव. रकाना रिकामा राहिला की उत्तर चूक. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "बाई, हे पुस्तकात नाही." तुम्ही म्हणालात, "पुस्तकाला कुठं काही करावं लागतं, साहेब?"

मी माठ फोडला तो दिवस आठवतो. तुम्ही माफीपत्र इंग्रजीतून मागितलंत. तुमचाच धडा तुम्हाला ऐकवायचा म्हणून मी ऐटीत लिहिलं, ब्रेकेज ऑफ द पॉट ड्यू टू केअरलेसनेस. तुम्ही कागद वाचता, टेबलावर ठेवता आणि चष्म्यावरून बघता. "छान. आता तिसरा रकाना." मी म्हणते, "बाई, धक्का लागला." "धक्का एकटाच चालत आला का गं?" सगळा वर्ग हसतो. मी रडत रडत पुन्हा लिहिते, आय ब्रोक द पॉट. त्याखाली तुम्ही लाल शाईनं व्हेरी गुड लिहिलंत. आजवर पुष्कळ हारतुरे घेतले, पण जपून ठेवला आहे तो एवढाच कागद.

आता मी सावेडीत राहते. सभांना बोलावणी येतात. मी उभी राहिले की मंडप शांत होतो आणि बसेपर्यंत पेटलेला असतो. ही शाळा टिकली पाहिजे म्हणून श्रीरामपूरपासून राहुरीपर्यंत घसा कोरडा करून बोलले, म्हणून शाळेच्या समितीचं अध्यक्षपदही माझ्याकडे आलं. गरिबांच्या मुलांची शाळा मरू द्यायची नाही, या मताशी मी आजही ठाम आहे. आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

दोन आठवड्यांपूर्वी गवंडीमामांनी त्या चिरेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली. भिंत हलली तर काच तुटते, म्हणजे कळतं. गुरुवारी मी गेले तेव्हा मधल्या सुट्टीत पोरी त्याच भिंतीला पाठ टेकून डबे खात होत्या. त्यांच्या डोक्यावर काच बरोबर मधोमध तुटलेली होती. मामा हळूच म्हणाले, "ताई, भिंत चालतीय. लई दिवस न्हाई थांबायची."

"सुट्टी लागेपर्यंत?"

"भिंतीला इचारून सांगू का?" मग म्हणाले, "भाषनात तर लई जोरात सांगता, शाळा पडू देनार न्हाई म्हनून."

मी त्यांना नवी पट्टी लावायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लावली. दुपारच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, वर्ग बंद केला की संध्याकाळपर्यंत गावभर होईल. चार दाखले आधीच गेलेत." तुटलेल्या काचेबद्दल मी तिथे बोललेच नाही. संस्थेला पाठवायचा अहवाल मीच इंग्रजीत लिहिला. ऑब्झर्वेशन ऑफ अ क्रॅक, नेसेसिटी ऑफ रिपेअर, पोस्टपोनमेंट टिल व्हेकेशन. इंग्रजीचं कौतुक झालं. त्या कागदात एकही माणूस नव्हता, बाई. खाली सही होती, तीही वाचता येऊ नये अशी.

आज रविवार. दुपारी मामांचा फोन आला. "थापी ऱ्हायली म्हनून शाळेत गेल्तो, ताई. दुसरीबी तडकली." पहिली पट्टी किती दिवस टिकली कोण जाणे. दुसरी तीन दिवससुद्धा टिकली नाही. मी म्हटलं, "बघते." ते म्हणाले, "बघायचं आता काय ऱ्हायलं?" आणि त्यांनी फोन ठेवला. उद्या सकाळी आठवीचा पहिला तास इंग्रजीचा आहे. मागच्या बाकावर चार पोरी बसतात. उंच आहेत म्हणून मागे.

काय बोलायचं ते मला माहीत आहे. काच तुटलेली मी पाहिली, मी लपवली, वर्ग आत्ताच्या आत्ता बंद करा. आज तुम्ही असता, तर यालाही व्हेरी गुड लिहिलं असतं. कदाचित चार दाखल्यांचे चाळीस होतील. मग गावोगाव कोणत्या तोंडाने बोलू, हाही प्रश्न मनात येतो, आणि तो येतो याचीच भीती वाटते.

बाई, मुख्याध्यापकांना फोन करायचा म्हणून मी दोन वाजता इथे बसले. आता पाच वाजून गेलेत. फोन कागदाशेजारीच पडला आहे. तुम्हाला लिहिणं सोपं होतं. तुम्ही आता तिसरा रकाना मागत नाही.