कपाळाचं नाक

९ मार्च

पट्टी काढली. आरसा घेतला, बघितलं, पालथा ठेवला.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर नाकाचा शेंडाही जाणार हे माहीत होतं. पण आता तिथे माझ्याच कपाळाची कातडी खाली वळवून शिवलीय, आणि भुवईपासून नाकापर्यंत तिचा देठ लोंबतोय — सोंडच! डॉक्टर म्हणाले, "देठ आत्ताच कापला तर नाक काळं पडेल. रक्त अजून वरूनच येतंय. खालच्या रक्तवाहिन्या आत शिरू द्या." म्हणजे वाट बघा.

चष्मा घालता येत नाही. जन्मभर दुकानात बसून लोकांना चष्मे लावले, आणि आता स्वतः चाचपडतोय. म्हणून अक्षर एवढं मोठं.

१० मार्च

नात आली. दारातूनच बघितलं आणि आईमागे लपली. "हे आजोबा नाहीत." मुलगा तिच्यावर रागावला. मी म्हटलं, राहू दे.

वाईट वाटलं. फार वाटलं.

१६ मार्च

तोंड धुताना नाकावर थेंब पडला आणि पुसायला हात गेला कपाळाकडे! थेंब तिथेच पडल्यासारखा वाटला. हिला सांगितलं तर म्हणते, "तुमचं डोकं आधीपासूनच भलतीकडे चालतं." डॉक्टर हसले — कातडी खाली आली, तिच्या नसा अजून जुनाच पत्ता सांगतात म्हणे.

३० मार्च

देठ कापला. आता नाक आपल्या जिवावर.

१ एप्रिल

गुलाबी आहे. जगलं!

१८ एप्रिल

चष्मा चढला. दुकानात जायला लागलो. गिऱ्हाइकं माझ्या नाकाकडे न बघण्याची इतकी खटपट करतात की त्यांना फ्रेम लावणं मुश्किल.

शेंडा मात्र पार बधिर — देठाबरोबर त्या जुन्या नसाही तुटल्या. जेवताना ही म्हणाली, "अहो, माशी!" नाकावर खुशाल बसली होती, मला पत्ताच नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी! ही पदर तोंडाला लावून हसत राहिली. डॉक्टर म्हणतात, कडेकडेने नव्या नसा वाढतील, महिने लागतील. जाणीव कदाचित पूर्ण येणारही नाही.

५ मे

नात येते, पण आजीच्या खोलीतच खेळते. मी गेलो की रंगपेटी आवरते. आज सून म्हणाली, "आजोबांना दाखव की चित्र." पोरीने कागद लांबूनच फरशीवरून सरकवला. चित्रात सगळे होतो. मीही — जुन्या नाकाचा.

"छान आहे," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२ जून

शेंड्याला पेन्सिलीचं टोक लावून बघितलं. काही नाही.

२१ जुलै

जेवण झाल्यावर खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. शेंड्यावर काहीतरी टेकलं. माशीच म्हणून हात उचलणार, तेवढ्यात जाणवलं — गार आहे, ओलसर आहे, रंगाचा वास येतोय. बोट. आणि कपाळावर नाही, नाकावरच.

डोळे उघडले नाहीत. पळाली असती.