खांद्यातली गोळी

औलू, ८ सप्टेंबर

चि. वेइयो यास, अ. उ. आ.

ओउतीला पाचवा महिना लागला. लेकीबरोबर परवा तपासणीला गेले होते. नर्सबाईंनी विचारलं, घरात शिकारीचं मांस खाता का, आणि मूस हरणं कसल्या गोळीनं मारता? मी ऐटीत सांगितलं, शिशाच्या, आणि गावाची काडतुसं माझा भाऊ स्वतः भरतो. त्या म्हणाल्या, शिसं मांसात बारीक फुटून पसरतं. पोटातल्या बाळाला ते नको, लहान पोरांनाही नको.

तेव्हापासून डोक्यात एकच. रानमालकांच्या मेजवानीचं सूप आपण खांद्याच्या मांसाचं करतो, कारण तो भाग चिवट. आणि तुम्ही सगळे नेम धरता तोही खांद्यावरच! ज्यांच्या रानात तुम्ही शिकार करता त्यांना, त्यांच्या पोराबाळांना मी इतकी वर्षं हेच वाढत आले. यंदा ओउती मेजवानीला येणार म्हणते. गोळी बिनशिशाची असेल तरच मी डाव हातात धरीन. नाहीतर तूच ढवळ. तुला मिठाचा अंदाज नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

उक्को कुत्र्याला माझ्या वाटणीचं हाड घाल, आणि माझ्यावर रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
रायलीताई

रिसूवारा, १५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन दिवस रागात होतो. तिसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. काडतुसं भरायला मला कुणी शिकवलं नाही, तेव्हा हेही कुणाला विचारत बसलो नाही.

तर ऐक. माझी बंदूक जाड नळीची, नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरची. तिला आजवर साडेअठरा ग्रॅमची शिशाची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, काडतुसातली दारूची जागा खाते आणि मंद जाते. मंद गेली की उमलत नाही, दाभणासारखी आरपार निघून जाते. म्हणून सोळा ग्रॅमची घेतली. निळ्या टोकाची देखणी होती, पण तो नखरा आपल्याला परवडणारा नाही. साधी, नाकाला भोक असलेली घेतली. तरी हिच्या एकीच्या पैशात शिशाच्या तीन येतात.

शिकारमंडळातले म्हणतात, आधी तू मारून दाखव, पुढच्या साली बघू. ताइस्तो म्हणतो, तांबं नळाच्या कामाला असतं; रायलीला कळव, शिसं खाऊनच म्हातारा झालोय. चांदमारीला मात्र जुनं शिसंच वापरणार. वाफेच्या न्हाणीघराच्या माळ्यावर पेटीभर पडलंय. लाकडी मूसवर तांबं उधळायला मी काही जहागीरदार नाही.

डाव घासून ठेव. पहिला नर माझाच.

तुझा,
वेइयो

औलू, २ ऑक्टोबर

चि. वेइयो यास, अ. उ. आ.

तुझं पत्र ओउतीनं दोनदा वाचलं. मामा भांडला आणि त्यानं ऐकलंही, याचंच तिला नवल. मी सगळ्यांना सांगून बसलेय, यंदाचं सूप पोरांनी पोटभर खावं. तुझ्या भरवशावर बोललेय.

एक मात्र कर. नर कुणी पाडला, कशानं पाडला, ते तू स्वतः लिही. मंडळाचे प्रमुख योर्मा गोड बोलतात, त्यांचं मी खरं धरणार नाही. तुझंच धरीन.

वाट पाहते.
रायलीताई

रिसूवारा, १३ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

काल हंगामाचा पहिला दिवस. उक्कोनं झऱ्यापाशी नर भुंकून अडवला. खडकाआडून त्याची मान आणि खांद्याचा वरचा भाग तेवढा दिसत होता. मी गोळी झाडली. नरानं माझ्याकडे पाहिलं आणि चालता झाला. केस नाही, रक्ताचा थेंब नाही. नदीपलीकडे ताइस्तो बसला होता, त्यानं पाडला. शिशानं. खांद्यात. वर विचारलं, वेइयो, नळ गळत होता का?

संध्याकाळी चांदमारीच्या फळ्यावर तांब्याच्या पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका मुठीत मावतील अशा बसल्या, पण नेमाच्या वीतभर वर. बंदूक चोख, गोळीही चोख. बंदुकीवरची दुर्बीण मी शिशाच्या गोळीवर जुळवली होती आणि रानात तांबं घेऊन गेलो. दोन्ही गोळ्यांची चाल वेगळी, हे मीच तुला पानभर लिहिलं होतं. बचत करायला गेलो आणि तोंडावर आपटलो.

योर्मा म्हणाले, खांदा नेहमीसारखा पातेल्यात जाईल, औलूला कोण सांगतंय? सगळे हसले. मी तिथं गप्प बसलो, म्हणून इथं लिहितोय. आता एका पाडसाचा परवाना उरलाय. येत नाही म्हणालीस, तरी रागावणार नाही.

वेइयो

औलू, १९ ऑक्टोबर

चि. वेइयो यास, अ. उ. आ.

मी येणार. नऊ नोव्हेंबरला पातेलं चुलीवर चढणारच. पाडस तांब्यानं पडलं तर मांसाचं सूप, नाहीतर घरोघरी दर गुरुवारी होतं ते वाटाण्याचं. रानमालकांनी विचारलं, शनिवारी हे गुरुवारचं जेवण का, तर मी सर्वांदेखत कारण सांगीन. योर्मांना आत्ताच वाचून दाखव.

आणि ते तांबं फळ्यावर झाड रे बाबा! पेटीत पुरून ठेवून त्याला कोंब फुटणार आहेत का?

गरम मोजे पाठवलेत. रुसू नकोस.
रायलीताई

रिसूवारा, ३ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निम्मी पेटी फळ्यावर संपवली. दुर्बीण तांब्यावर जुळवली. काल पाडस उभं होतं तिथंच कोसळलं.

गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली. चार पाकळ्या उमललेल्या, एकही तुटलेली नाही. दारू तोलायच्या काट्यावर ठेवली. सोळा ग्रॅम. गेली तेवढीच परत आली. ओउतीसाठी पाकिटात घातली आहे.

मी तोलत होतो तेव्हा ताइस्तो दारात उभा होता. त्यानं खिशातून नराच्या खांद्यातली आपली गोळी काढली आणि काट्यावर ठेवली. साडेअठरातली अकरा उरली होती. काटा बिघडलाय, म्हणाला. मी माझी पुन्हा ठेवून दाखवली. तो मग मांसघरात गेला, नराचा खांदा आकड्यावरून उतरवला आणि विचारलं, कुत्र्यालाही नको ना? नको, म्हटलं. पाठीवर टाकून रानाकडे निघाला. थोड्या वेळानं परत आला आणि फावडं मागून घेऊन गेला.

डाव घेऊन ये. मीठ तूच घाल.

तुझा,
वेइयो